सेटिंग बरोबर, मटेरिअल खराब

"मॉडेमचे सगळे दिवे लागलेत. तरी पान उघडत नाही. खराबी तुमच्या लाइनमध्येच आहे, शिरसाठ," भामरे काका फोनवर म्हणाले.

मी तेव्हा नाशिकरोडला एका ब्यूटी पार्लरच्या टेबलाखाली पालथा पडून तुटलेली वायर शोधत होतो. आदल्याच संध्याकाळी इंदिरानगरला काकांच्या घरी जाऊन मी पान उघडून दिलं होतं. एक नाही, तीन-चार पानं. बातम्यांचं, क्रिकेटचं आणि मुख्य म्हणजे त्यांच्या मेलचं. काकांनी स्वतः माउस हातात धरून खात्री करून घेतली होती. आणि आता पार्लरचं शटर नीट वरही गेलं नव्हतं, तोच ये रे माझ्या मागल्या.

"काका, मॉडेम एकदा बंद करून चालू करा."

"केला."

"कॉम्प्युटर?"

"तोही केला. माझ्याकडून सगळं ओके आहे. तुम्ही लाइन बघा."

ग्राहकाच्या तोंडून 'माझ्याकडून सगळं ओके आहे' हे वाक्य ऐकलं की मला आजही पित्त होतं.

ही दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. नाशकात ब्रॉडबँड तेव्हा नुकतं घराघरांत शिरत होतं. मी एका फ्रँचायझीकडे टेक्निशियन होतो. फ्रँचायझी म्हणजे काय, तर कनेक्शन मोठ्या कंपनीचं आणि शिव्या आमच्या. मालकांना आम्ही नुसतं सेठ म्हणायचो. सेठना तांत्रिक काही कळत नव्हतं, पण एक शब्द त्यांना फार चांगला कळायचा. तो म्हणजे 'रिपीट'. एकाच घरून आठवड्यात परत तीच तक्रार आली की ती रिपीट. रिपीट वाढल्या की वरून सेठना फोन, आणि सेठकडून आम्हाला.

तोपर्यंत मी लोकांच्या घरची बरीच नेटं दुरुस्त केली होती. त्यातली निम्मी मुळात बिघडलेलीच नसायची. एका बाईंनी मॉडेमवर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं झाकण घातलं होतं आणि तो बिचारा आत भाजून निघत होता. एका गृहस्थांनी मॉडेमचं बटण रात्री बंद करून सकाळी देवपूजा झाल्यावरच लावायचा नेम धरला होता, आणि त्यांचा मुलगा पहाटे उठून आम्हाला फोन करायचा. अशा लोकांमध्ये राहून माझा स्वभाव थोडा तुसडा झाला, असं बायको म्हणते. थोडा म्हणते, हा तिचा चांगुलपणा.

पण भामरे काका त्या जातीचे नव्हते. म्हणून तर डोकं जास्त फिरलं. मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कंपनीत सगळी नोकरी क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढलेली. मशीनवर तयार झालेला पार्ट मापात आहे की नाही हे तपासणारा माणूस. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, खिशात दोन पेनं, बोलणं मोजकं. कंपनी आदल्या वर्षी बंद पडली. जाताना कंपनीने जुने कॉम्प्युटर कामगारांना विकले. काकांनी आपल्या टेबलावरचाच घेतला. हॉलमध्ये तो ठेवलेला होता, आणि त्याच्या बाजूला कंपनीचा नंबर मारलेला पत्र्याचा बिल्ला तसाच होता.

बावन्न-त्रेपन्नव्या वर्षी नोकरी गेली तर अंबडमध्ये दुसरी कोण देतो? काकांनी पुष्कळ गेटं झिजवली. शेवटी सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्याने, जाधव त्यांचं नाव, त्यांना घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं. जाधवांनी मेलवर पार्टचं ड्रॉइंग पाठवायचं. काकांनी ते बघून कोणतं माप कशाने तपासायचं, किती पार्टांमागे एकदा तपासायचं, याचा तक्ता करून परत पाठवायचा. हे काम काकांना पाण्यासारखं सोपं. अट एकच, मेल वेळेवर बघायचा, कारण ड्रॉइंगमध्ये दिवसातून दोनदा-तीनदा बदल यायचे. त्यासाठीच आमचं कनेक्शन घेतलेलं. जाधवांकडे पुढच्या सोमवारी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. त्याआधी तक्ते तयार झाले तर काम कायमचं काकांकडे. नाही तर त्यांनी दुसरा माणूस बघून ठेवलाच होता.

आणि काकांच्या घरी मेलचं पान उघडत नव्हतं.

कनेक्शन बसवायला गेलेल्या आमच्या माणसाने आपल्या लॅपटॉपवर पान उघडून दाखवलं, 'चालू आहे' म्हणाला आणि निघून आला. काकांच्या कॉम्प्युटरवर बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. असो. त्याच्याबद्दल बोलायला लागलो तर हा लेख त्याचाच होईल.

पहिल्या फेरीत मला रोग सापडायला पाच मिनिटं लागली होती. आधी मी पिंग करून बघितलं. पिंग म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून दूरच्या एखाद्या कॉम्प्युटरला हाक मारायची आणि तो ओ देतो का बघायचं. त्याने झटक्यात ओ दिली. म्हणजे लाइन चांगली. काकांच्या मुलीचं, स्वातीचं, चॅटही छान चालू होतं. ती एफवायला होती आणि मैत्रिणींशी गप्पा मारत होती. फक्त ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यात आपण वेबसाइट बघतो त्यात, काही म्हणता काही उघडत नव्हतं.

असं असलं की आमची बोटं आपोआप एका जागी जातात. इंटरनेट ऑप्शन्स, त्यात कनेक्शन्स, त्यात लॅन सेटिंग्ज. तिथे 'प्रॉक्सी'च्या चौकटीत बरोबरची खूण होती आणि खाली एक पत्ता लिहिलेला होता.

प्रॉक्सी म्हणजे गेट समजा. कारखान्यात कामगार कुठल्याही भिंतीवरून उडी मारून बाहेर जात नाही. गेटवरूनच जातो, तिथला वॉचमन बघतो आणि मग सोडतो. तसं कंपन्यांमध्ये सगळे कॉम्प्युटर एका गेटच्या कॉम्प्युटरमधून बाहेर इंटरनेटवर जातात. त्या गेटचा पत्ता प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलेला असतो. घरी असलं गेट नसतं. पण काकांच्या कॉम्प्युटरला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. तो इंदिरानगरच्या हॉलमध्ये बसून अंबडचं गेट शोधत होता आणि ते सापडत नाही म्हणून जागचा हलत नव्हता. चॅटवाल्या सॉफ्टवेअरला गेटबिट माहीत नव्हतं, म्हणून ते चालत होतं.

मी खूण काढली. पत्ता पुसला. पानं धडाधड उघडली. काकूंनी चहा दिला. मी खूश, काका खूश. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा फोन.

पार्लरचं काम उरकून मी दुपारी परत इंदिरानगरला गेलो. लॅन सेटिंग्ज उघडलं आणि बघतच राहिलो. खूण परत लागलेली. पत्ता परत लिहिलेला, अगदी तोच, चारही आकडे ठिपक्यांसकट.

"काका, याला कोणी हात लावला का?"

"मुलगी चॅट करते तेवढी. बाकी माझ्या मशीनला कोणी हात लावत नाही."

"काही बदललं का कोणी? आठवून सांगा."

"शिरसाठ, मी इथे काहीही बदलू देत नाही. रोज सकाळी मशीन चालू केलं की सगळं जागच्या जागी आहे का ते मी स्वतः बघतो, मगच काम सुरू."

मी मनात म्हटलं, चला, निदान एक तरी ग्राहक शिस्तीचा भेटला.

मग संशय व्हायरसवर. तेव्हा असे व्हायरस होते, जे गुपचूप प्रॉक्सी लावून ठेवायचे. मी सीडी घालून सगळा कॉम्प्युटर तपासायला लावला. जुनं मशीन ते, बैलगाडीच्या वेगाने चाललं. मी तासन्‌तास सोफ्यावर बसून काकूंच्या हातचे शेव-चिवडे खाल्ले आणि सेठचे फोन घेतले.

"शिरसाठ, किधर है तू?"

"इंदिरानगर. भामरे."

"अजून भामरे? अरे, तिकडे गंगापूर रोडला तीन कस्टमर बोंबलतायत. भामरे काय तुझा सासरा आहे का?"

व्हायरस एकही निघाला नाही. मी परत खूण काढली, पान उघडून दिलं आणि जाताजाता बिघाडाचं काही कारण पाहिजे म्हणून काकांना म्हटलं, "चॅटच्या सॉफ्टवेअरमधून काही येत असेल. मुलीला जरा जपून वापरायला सांगा."

झालं. काकांनी त्याच संध्याकाळी स्वातीचं चॅट बंद केलं. काकांच्या दृष्टीने पुरावा पक्काच होता, तिच्या गप्पा चालतात आणि बापाच्या कामाचं पान उघडत नाही. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि एवढं करूनही शुक्रवारी सकाळी फोन आलाच.

"पान उघडत नाही. मुलीला तर मी मशीनजवळ फिरकूसुद्धा दिलेलं नाही. आता तरी लाइन बदला."

या वेळी सेठ जवळच उभे होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन ठेवून दिला आणि म्हणाले, "फॉर्मेट मार. किस्सा खतम."

फॉर्मेट म्हणजे कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून नव्याने भरायचं. ज्याला रोग कळत नाही तो फॉर्मेट करतो, असं माझं मत. पण माझाही धीर सुटत आला होता. मी सीडींची पिशवी घेऊन गेलो. खूण अर्थातच परत लागलेली. मी काकांना फॉर्मेटचं सांगितलं, तसे ते खुर्चीवरून उठून कॉम्प्युटर आणि मी यांच्या मध्ये उभे राहिले.

"सगळं पुसणार?"

"तुमच्या फायली काढून ठेवतो. बाकी सगळं नवं."

"नाही. ज्या मशीनवर मी इतकी वर्षं रिपोर्ट काढले, ते आहे तसं चाललं पाहिजे. कंपनीत असताना एक दिवस नेट बंद नव्हतं. तेच मशीन, तोच माणूस. बदललीय ती तुमची लाइन."

"काका, लाइन चांगली आहे. मी तुम्हाला दोनदा पान उघडून दाखवलं."

"तुम्ही असताना उघडतं. तुम्ही गेलात की सकाळी नाही. याला चांगली लाइन म्हणतात का?"

म्हणणं रास्त होतं, आणि त्याचाच संताप जास्त. माणूस खोटं बोलत नव्हता. व्हायरस नव्हता. पोरगी लांब ठेवलेली. मग रात्रीत येऊन खूण कोण लावून जातं? काकू अंगणातल्या तुळशीपलीकडे कशाला हात लावत नव्हत्या.

आमचं हे चाललेलं असताना जाधवांचा फोन आला. काका खिडकीपाशी जाऊन बोलले. बोलले म्हणजे ऐकत राहिले. "हो. हो साहेब. उद्यापर्यंत. नक्की." फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"उद्या दुपारपर्यंत तक्ते पोचले नाहीत तर ते दुसऱ्याला देतायत," ते म्हणाले.

"सायबर कॅफेत जा ना तोवर."

"गेलो होतो. तिथे ड्रॉइंग उघडत नाही, आणि पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत."

मग मी खूण काढून पान उघडून दिलं आणि म्हटलं, आत्ता जे आलंय ते उतरवून घ्या. त्यांनी घेतलं. पण ड्रॉइंगमध्ये बदल रात्री येणार होते आणि पाठवायचं सकाळी होतं.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "भाऊ, हे काम गेलं ना, तर हा माणूस लय खचंल. कंपनी बंद झाली तवा चार महिने नुसता भिंतीकडं तोंड करून झोपायचा. आता कुठं सकाळचं उठून अंघोळ करून खुर्चीत बसाया लागलाय. काय ते बघा, पण नीट करून द्या."

स्कूटर चालू करताना माझा राग कुठल्या कुठे गेला होता. त्याच्या जागी काळजी आली, आणि ती रागापेक्षा जड असते. रागात माणूस निदान सेठच्या नावाने दोन शब्द बोलून मोकळा होतो.

त्या रात्री जेवताना मला एक साधी गोष्ट सुचली. मी दरवेळी कॉम्प्युटर बिघडल्यावर जात होतो. बिघडताना मी त्याला एकदाही बघितलं नव्हतं. संध्याकाळी चांगला असतो, सकाळी आजारी पडतो. मग सकाळीच गेलं पाहिजे, काकांनी चालू करायच्या आधी.

शनिवारी सकाळी मी बेल वाजवली तेव्हा काका अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. त्यांना माझं येणं आवडलं.

"आज वेळेवर आलात. आता समोरच बघा, तुमची लाइन कशी धोका देते ते."

मी स्टूल ओढून त्यांच्या मागे बसलो. ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही.

काकांनी फडक्याने की-बोर्ड पुसला. मशीन चालू केलं. घड्याळ बघितलं, मनगटावरचं आणि पडद्यावरचं. प्रिंटरमधला कागद सारखा केला. आवाजाची खुंटी बघितली. मग सराईत माणसासारखा माउस फिरवून त्यांनी इंटरनेट ऑप्शन्स उघडलं, कनेक्शन्स उघडलं, लॅन सेटिंग्ज उघडलं, प्रॉक्सीपुढे खूण केली आणि कुठेही न बघता, तोंडपाठ, तो अख्खा पत्ता टाइप केला. ओके दाबलं.

मला काय वाटलं ते इथे छापता येणार नाही.

"काका," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "हे काय केलंत?"

"सेटिंग बसवलं."

"रोज बसवता?"

"रोज बघतो. बरोबर असेल तर हात लावत नाही. हललेलं असेल तर बसवतो. हल्ली सारखं हलतंय. तुम्ही येऊन गेलात की हमखास."

"अहो, ते मी काढतो. मुद्दाम काढतो. ते काढलं की पान उघडतं."

"आणि मी म्हणतो की सेटिंग हलवून पान उघडायचं हीच चूक आहे," काका म्हणाले. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जशी नजर मी आमच्या त्या लॅपटॉपवाल्या टेक्निशियनकडे बघताना वापरतो.

मग त्यांनी मला कारखान्याचं शास्त्र समजावलं. शिफ्ट सुरू झाली की मशीन तसंच चालवायचं नसतं. आधी सेटिंग ठरल्याप्रमाणे आहे का ते बघायचं. मग पहिला पीस काढायचा आणि इन्स्पेक्टरला दाखवायचा. तो ओके म्हणाला तरच पुढे काम. रात्रपाळीचा ऑपरेटर घाईत सेटिंग हलवून जातो, त्यावर दोन-चार पीस चांगलेही येतात, पण पुढे अख्खा लॉट रिजेक्ट होतो. म्हणून हललेलं सेटिंग दिसलं की आधी मूळ जागी आणायचं, मग बोलायचं. हा कॉम्प्युटर कंपनीत असताना रात्री कोणीतरी हा प्रॉक्सीचा पत्ता काढून ठेवला होता. सकाळी गिऱ्हाइकाला रिपोर्ट गेला नाही आणि काकांना मेमो मिळाला. नोकरीतला एकुलता एक मेमो. सिस्टिमच्या साहेबांनी तेव्हा सांगितलं की हे सेटिंग कधी हलू द्यायचं नाही. त्या दिवसापासून काका रोज सकाळी बघत होते.

"सेटिंग बरोबर आहे आणि पीस खराब येतोय," काका म्हणाले, "मग खराब काय असणार? मटेरिअल. आणि मटेरिअल म्हणजे तुमची लाइन. म्हणून मी कंप्लेंट लाइनची देतोय."

मी कपाळाला हात लावला. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं पायरीपायरीने बरोबर होतं. चुकत होती फक्त पहिली पायरी.

"आणि मी गेल्यावर संध्याकाळभर पान उघडतं, त्याचं काय?"

"चुकीच्या सेटिंगवर चांगला पीस आला तर त्याला आम्ही योगायोग म्हणतो. त्याच्यावर प्रॉडक्शन काढत नाही."

घड्याळ पुढे सरकत होतं. जाधवांनी रात्री पाठवलेले बदल त्या न उघडणाऱ्या पानामागे अडकलेले होते. आरडाओरडा करून हा माणूस ऐकणार नव्हता. उभ्या कारखान्याचा आरडाओरडा सोसून ज्याने लॉट अडवले, तो माझं काय ऐकणार? मग मी त्यांच्याच भाषेत शिरलो. त्यांना गेटचं सगळं सांगितलं, वर तुम्हाला सांगितलं तसंच. गेट म्हटल्यावर ते नीट ऐकायला लागले.

"म्हणजे हा पत्ता गेटच्या मशीनचा?"

"हो. ते मशीन कंपनीत कुठे होतं?"

"अकाउंट्सच्या मागे. काचेची खोली. एसी होता तिथे."

"आता कुठे आहे?"

काकांनी कॉम्प्युटरवरच्या पत्र्याच्या बिल्ल्याकडे बघितलं. मग म्हणाले, "भंगारात गेलं. टेम्पो भरला तेव्हा मी गेटवर उभा होतो."

"मग आपणच तपासू," मी म्हटलं, आणि पिंगची काळी खिडकी उघडून त्यांच्यापुढे केली. "हा तुमचा माप घ्यायचा गेज समजा. पत्ता तुम्हीच टाका. मशीन जिवंत असेल तर ओ देईल."

त्यांनी एका बोटाने पत्ता टाकला. एंटर दाबलं. थोड्या वेळाने पहिली ओळ आली, उत्तर नाही. दुसरी, उत्तर नाही. कॉम्प्युटर चार वेळा हाक मारून थांबतो. काका चारही ओळी येईपर्यंत जागचे हलले नाहीत. आयुष्यभर मायक्रोमीटरवरचं माप वाचलेला माणूस, त्याने समोरचा निकाल वाचला.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

"मग काढू खूण?"

"सेटिंग बदलायला अप्रूव्हल लागतं," ते हळू आवाजात म्हणाले. "इन्स्पेक्टर नाही बदलू शकत. तो फक्त अडवू शकतो. बदल साहेब लोकच करतात."

"कोणाकडून घेणार आता अप्रूव्हल?"

मला वाटलं, मी नको तितकं बोललो. बंद पडलेल्या कंपनीचं दार माणसाच्या तोंडावर पुन्हा एकदा आपटायला मी आलो नव्हतो. पण तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

काकू स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभ्या होत्या. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे.

"ह्या घरात आता साहेब कोण हाय?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच ना? मग द्या की तुमचं तुम्ही."

काकांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला म्हणाले, "जरा सरका." मी माउसकडे नेलेला हात मागे घेतला. त्यांनी स्वतः ते सगळं परत उघडलं, प्रॉक्सीपुढची खूण काढली आणि पत्त्याचा एकेक आकडा मागून पुसत आणला. शेवटचा आकडा पुसायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. मग ओके.

मेलचं पान उघडलं. जाधवांचे तीन मेल येऊन पडले होते.

"पहिला पीस ओके," काका म्हणाले आणि कामाला लागले. नंतर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. फक्त मध्येच आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "स्वाती, संध्याकाळी पाचनंतर तुझं चॅट लाव. तुझ्याकडून काही नव्हतं." आतून नुसता रेडिओचा आवाज वाढला.

तक्ते दुपारच्या आत गेले. सोमवारची तपासणी पार पडली. काम काकांकडे राहिलं, आणि पुढे जाधवांनी त्यांना आठवड्यातून दोन दिवस सातपूरला वर्कशॉपवरही बोलवायला सुरुवात केली. हे मला काकूंनी सांगितलं. काका असलं काही सांगणारे नव्हेत.

पण त्या शनिवारी माझं एक काम राहिलं होतं. कंप्लेंट बंद करायची तर स्लिपवर बिघाडाचं कारण लिहून ग्राहकाची सही घ्यावी लागायची. सेठचा फोन येऊन गेलाच होता, "कारण कस्टमरवर टाक, नाही तर रिपीट आपल्या नावावर." मी लिहिलं, 'ग्राहकाने सेटिंग बदलले.' आणि स्लिप काकांपुढे ठेवली.

बाकीचे ग्राहक न वाचता सही करतात. काकांनी काम थांबवून चष्मा सारखा केला आणि वाचलं.

"हे चुकीचं आहे," ते म्हणाले.

"काका, आता सही करा ना. सेठ वाट बघतायत."

"अहो, मी बदललं कुठे? बदललं नाही म्हणून तर झालं." त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझं वाक्य एका सरळ रेघेने खोडलं आणि त्याच्यावर बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ग्राहकाने सेटिंग वेळेवर बदलले नाही.' बाजूला तारीख टाकली आणि सही केली.

सेठनी ती स्लिप वाचली, उलटी करून बघितली आणि फाइलला लावली. त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

मी मात्र त्यानंतर ग्राहकाला 'काय बदललं?' हा प्रश्न विचारणं सोडून दिलं. त्याचं उत्तर सगळे 'काही नाही' असंच देतात, आणि पुष्कळदा ते खरं असतं. त्याऐवजी मी विचारतो, 'रोज सकाळी उठल्यावर मशीनपाशी काय काय करता?' उत्तर लांबलचक येतं. त्यात नातवंडं येतात, देव येतात, शेजारी येतात. मी घड्याळाकडे बघत ऐकून घेतो.